आगळ कुठलं, अमृत कोकम कुठलं?

गेल्या मे महिन्यात फोंड्याला आमच्या अंगणात भाचीचा साखरपुडा होता. मी हौसेने सरबताचं टेबल मांडलं: ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावं, ट्रे घेऊन धावायला कोणी नको. पाण्याचा माठ, बर्फ, आणि काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत तोच गडद लाल रंग. एकीत अमृत कोकम, दुसरीत आगळ. पुण्याच्या काकांनी ग्लासात दोन बोटं आगळ ओतलं, वर पाणी घातलं, एक घोट घेतला आणि ग्लास हळूच तुळशीच्या कठड्यावर ठेवला. "तुमच्याकडे सरबत खारट करतात का हो?"

चूक माझीच. दोन्ही भिरंडाचीच, म्हणजे कोकमाच्या फळाचीच, आणि बोलताना आपण दोन्हींना नुसतं 'कोकम' म्हणून मोकळे होतो.

खरा फरक भिरंड कशात मुरतं यात आहे. आगळासाठी पिकलेल्या भिरंडाच्या साली आणि गर भरपूर मिठात घालतात. मीठ फळातला रस ओढून काढतं. तो गाळून बाटलीत भरला की झालं आगळ. साखर नावालाही नाही, मिठाच्या जोरावर ते वर्षभर राहतं. अमृत कोकमात मिठाचं काम साखर करते. साली आणि त्यांच्या साधारण दुप्पट साखर, थरावर थर, बरणी उन्हात. आठवडाभरात साखर विरघळून पाक होतो. म्हणजे एक लोणच्याच्या जातीचं आणि दुसरं मोरावळ्याच्या.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीत घरगुती बाटल्या मिळतात, त्यांवर लेबल असेलच असं नाही. अशा वेळी बाटली आडवी करून सरळ करा. अमृत कोकम काचेला चिकटून सावकाश उतरतं, आगळ पाण्यासारखं झरकन खाली येतं. तरी शंका असेल तर तळहातावर थेंबभर घेऊन चाटा. विकणारी बाई हसेल, हसू दे.

आता टेबलाकडे. माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे: आगळाची बरणी पाहुण्यांच्या हाती द्यायची नाही. अमृत कोकम जास्त पडलं तर सरबत गोड होतं, पाणी वाढवलं की भागतं. आगळ जास्त पडलं तर आंबटही होतं आणि खारटही, आणि ग्लासात तेवढं पाणी मावत नाही. ग्लासभर पाण्याला आगळ एखादा मोठा चमचा पुरतं; गोड सरबत हवं तर साखर वेगळी लागते, मीठ मात्र वरून मुळीच नको.

अमृत कोकम एकास पाच पाण्यात चांगलं लागतं. चाळीस माणसांना २०० मिलीचे दोन-दोन ग्लास धरले तर १६ लिटर सरबत, म्हणजे पाक साधारण पावणेतीन लिटर. आधी कालवून नळाच्या भांड्यात भरलंत तर बर्फ वितळून तासाभरात ते पांचट होतं. त्यापेक्षा पाक, गार पाणी आणि बर्फ वेगळं ठेवा, आणि पाकाशेजारी मोठा चमचा. ग्लासाला दोन चमचे. जिऱ्याची पूड आणि मीठ वाटीत. जिरं नळाच्या भांड्यात टाकलं की नळ तुंबतो, आणि मग पाहुणे भांडं वाकडं करू लागतात. भांडं काचेचं घ्या. एवढ्या आंबट गोष्टीला तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं चालत नाही.

आगळ टेबलावर यायचं ते सोलकढी होऊनच. आगळ, नारळाचा रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, सगळं स्वयंपाकघरात, चव बघून. पण मे महिन्याच्या उकाड्यात नारळाचा रस फार वेळ धीर धरत नाही, म्हणून पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा आणि थोडी थोडीच बाहेर आणा. उभी राहिली की खाली पाणी आणि वर साय अशी फुटल्यासारखी दिसते. ती नासलेली नसते, डावाने ढवळली की जुळते. एवढी उस्तवार नको असेल तर नारळाचा रस वगळून तिवळ करा. हिंग, मिरची, कोथिंबीर, पाणी. ते तासन् तास बिनघोर राहतं.

एक गोष्ट मला मुंग्यांनी शिकवली. अमृत कोकमाच्या बरणीखाली पाण्याची ताटली ठेवली नव्हती, अर्ध्या तासात टेबलाच्या पायापासून रांग लागली. शेजारच्या आगळाच्या बरणीकडे एकही मुंगी वळली नाही. काकांनी तेवढं बघितलं असतं तर वाचले असते.

उरलेलं आगळ दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या हुमणात गेलं. काकांनी भात दोनदा मागून घेतला.