नेल आणि चॅटजीपीटी: दोन्ही इंटरनेट वाचूनच शिकले, पण शिकले काय?

‘संगणक इंटरनेट वाचून शिकतो’ असं कुणी म्हटलं की आता लगेच चॅटजीपीटी आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ‘नेल’ (Never-Ending Language Learner, म्हणजे वेब वाचून सतत शिकत राहणारा संगणक-प्रोग्राम) सुरू केलं होतं, जानेवारी २०१० मध्ये. दोघांना एकाच माळेत ओवलं जातं, ते मला खटकतं.

नेल नोंदी करायचं. शहर, कंपनी, खेळाडू, खाद्यपदार्थ असे काहीशे वर्ग आणि दर वर्गाची दहा-पंधरा उदाहरणं, एवढ्या शिदोरीवर ते रात्रंदिवस वेबपानं वाचत राहिलं. ‘अमुकसारखी शहरं’ अशी वाक्यरचना दिसली की तो अमुक बहुधा शहर. नवी शहरं सापडली की त्यांच्या आजूबाजूच्या वाक्यांतून नव्या रचना. घसरू नये म्हणून अटीही होत्या: जी व्यक्ती आहे ती शहर असू शकत नाही. २०१५ पर्यंत आठ कोटींहून जास्त नोंदी झाल्या, आणि दर नोंदीपुढे खात्री किती याचा आकडा. शोधनिबंधात दिलेली एक नोंद आपल्या घरातलीच वाटते: चहाबरोबर बिस्किटं देतात.

तरीही नेल घसरलंच. ‘इंटरनेट कुकीज’ (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ते माहितीचे छोटे तुकडे; इंग्रजीत कुकी म्हणजे बिस्किटही) त्याने बेकरीच्या पदार्थांत टाकल्या. मग लोक कुकीज डिलीट करतात हे वाचलं, लोक फाइल्सही डिलीट करतात हेही वाचलं, आणि फाइल्ससुद्धा बेकरीत जाऊन बसल्या! शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की चूक कुठल्या नोंदीत आहे ते बोट ठेवून दाखवता आलं.

चॅटजीपीटीमागच्या भाषा-मॉडेलात अशी नोंदच नसते. त्याला शिकवतात ते पुढचा शब्द ओळखायला. चॅटजीपीटीच्या आधीच्या, २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये शिकताना जुळवले जाणारे १७,५०० कोटी आकडे होते. चहा-बिस्किटांचं नातं त्यांत कुठेतरी विखुरलेलं, वेगळं काढून दाखवता न येणारं. पण नेलला जमलं नाही ते इथे साधलं. ‘कुकीज डिलीट केल्या’ म्हटल्यावर बेकरीचा प्रश्नच येत नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ ठरवतात. उलट माहिती नसली तरी वाक्य घडतंच, तेही ठामपणे, आणि त्यापुढे खात्रीचा आकडा आपोआप येत नाही.

(चॅटबॉट वेबवर शोधून दुवे देतो ते आणखी निराळं. तो त्या क्षणी पान उघडून उत्तर लिहितो, त्यातून मॉडेल स्वतः काही शिकत नाही.)

म्हणून दुरुस्तीही वेगळी. नेलमध्ये चुकीची नोंद काढता यायची. मॉडेलला मात्र सहसा नवी उदाहरणं देऊन पुन्हा घोटवून घ्यावं लागतं, आणि मग आधी बरोबर येणारी उत्तरं बिघडली नाहीत ना, तेही तपासावं लागतं.