कारवी फुलायच्या सहा आठवडे आधी

सप्टेंबरमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर कारवी, म्हणजे आठ वर्षांतून एकदा फुलणारं झुडूप, फुलली की फोटोंचा पूर येतो, आणि ज्यांच्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत त्यांचा प्रश्न ठरलेला, पेट्या आता वर नेऊ का? नेता येतील की, पण पेटीत फुलांवर जाणाऱ्या माश्याच कमी असतील तर नेऊन फार काही हाती लागत नाही. मधाच्या हंगामाची तयारी फुलं उमलायच्या कितीतरी आधी पेटीच्या आत सुरू व्हावी लागते.

राणीने अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण 18-20 दिवस लागतात, आणि बाहेर आली म्हणून लगेच फुलांवर जात नाही, पुढचे दोन-तीन आठवडे पोळ्यातलीच कामं, पिल्लांना भरवणं, मेण काढणं, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेणं, आणि मग कुठे ती रानात जाते. म्हणजे आजच्या अंड्यातली माशी मकरंद आणायला लागेपर्यंत जवळजवळ सहा आठवडे जातात. कारवी साधारण ऑगस्टच्या मध्यावर उमलायला लागते, तिथून सहा आठवडे मागे मोजा, जुलैची सुरुवात येते! घाटमाथ्यावर धो धो पाऊस, माश्या दिवसेंदिवस बाहेर पडत नाहीत, पराग येत नाही, आणि पराग नाही म्हटल्यावर राणी अंडी घालणं आवरतं घेते. खरी गोची इथे आहे. म्हणून जाणते मधपाळ याच दिवसांत साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पातळ पाक थोडा थोडा देतात, सोबत परागाच्या जागी सोयापिठासारखं प्रथिनाचं खाद्य. मात्र वरची मधकोठी, म्हणजे मध साठवायचा पेटीचा वरचा कप्पा, चढवायच्या आधी पाक बंद म्हणजे बंद, नाहीतर तोच मधात उतरतो, आणि यात तडजोड मला अजिबात मान्य नाही.

फुलं आली तरी पावसाची उघडीप लागतेच. पावसात मकरंद धुऊन जातो नाहीतर पातळ होतो, आणि धुक्यात तो आटवणं माश्यांना जड जातं. मधातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली यायला हवं, त्यासाठी त्या रात्रभर पंखांनी वारा घालत बसतात. दमट हवेत घाई करून मेणाने बंद न झालेल्या घरांतला मध काढला की तो आंबतो.

पेटी हलवायची रात्री, सगळ्या माश्या घरी आल्यावर, दाराला जाळी लावून. फ्रेम, म्हणजे पोळी धरणाऱ्या चौकटी, गाडीच्या लांबीला समांतर ठेवायच्या, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. जुन्या जागेपासून दोन-तीन किलोमीटर तरी लांब जा, नाहीतर माश्या ओळखीच्या वाटेने जुन्याच जागी परततात. नव्या जागी दारासमोर पानांची एक फांदी आडवी ठेवा, बाहेर पडताना माशी तिला अडखळते, मग पेटीकडे तोंड करून घिरट्या घेते आणि आजूबाजूच्या खुणा नव्याने लक्षात ठेवते. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच फिरते म्हणून पेटी फुलोऱ्याच्या अगदी जवळ हवी. आणि फुलं नसताना आठवडाभर आधी नेऊन ठेवली, खायला काही दिलं नाही, तर ही माशी सरळ पेटी सोडून जाते. माझं मत विचाराल तर पहिली थोडी फुलं उमललेली स्वतः बघावीत आणि मगच गाडी सांगावी.

कारवीचं झुडूप आयुष्यात एकदाच फुलतं, बी धरतं आणि वाळून जातं, मग त्या बियांतून आलेली झुडपं आठ वर्षांनी फुलतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2016 ला फुलली, 2024 ला फुलली, म्हणजे आता 2032. पण दुसऱ्या डोंगराचं साल वेगळं असू शकतं, तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय बेत करू नका.

मधली वर्षं रिकामी जात नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात कारळा पिवळाधमक फुलतो, नंतर कांद्याचं बियाणं, सूर्यफूल, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जांभूळ. शेतात पेट्या ठेवणार असाल तर फवारणी कधी आहे ते शेतकऱ्याला आधी विचारा, आणि करायचीच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करा म्हणून सांगा.