पंचगंगेतल्या प्राणवायूचा हिशेब

एप्रिल-मेमध्ये पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात. त्या अडवलेल्या पाण्यावर ऊस उभा राहतो. ही बंधाऱ्याची पद्धत आपल्या जिल्ह्याच्या नावाने महाराष्ट्रभर गेली, याचा अभिमान वाटतोच. पण अडलेल्या संथ पाण्यात वाहत्या पाण्याइतकी हवा मिसळत नाही. त्यात सांडपाणी येत राहिलं की वर केंदाळ (जलपर्णी) पसरतं आणि एखाद्या सकाळी खाली शिरोळ तालुक्यात, तेरवाड बंधाऱ्याजवळ, मेलेल्या माशांचा खच दिसतो. पाण्यात कोणीतरी विष सोडलं असं लोकांना वाटतं. बऱ्याचदा ते मासे गुदमरून मेलेले असतात.

उन्हाळ्यात नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो ५ च्या खाली घसरला की माशांचे हाल सुरू होतात. मैलापाण्यातली घाण हे जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यातला हाच प्राणवायू वापरतात. किती वापरतील, याचं माप म्हणजे बीओडी, जैविक प्राणवायू मागणी. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आता गणित मांडू. नदीचं एक लिटर पाणी ८ वरून ५ वर येईपर्यंत ३ मिलिग्रॅम प्राणवायू देऊ शकतं. म्हणजे एक लिटर मैलापाणी पचवायला ६५ ते ७० लिटर स्वच्छ पाणी लागतं. हवेतून थोडी भर पडते, पण बंधाऱ्यामागे ती फार सावकाश. आणि साखर कारखान्यांच्या आसवनीतून (डिस्टिलरीतून) निघणाऱ्या मळीच्या पाण्याची बीओडी प्रक्रियेआधी ४०-५० हजारांच्या घरात असते! ते एक लिटर नदीत सुटलं, तर मैलापाण्याचे दोन-अडीचशे लिटर ओतल्यासारखं.

यावर उपाय माहीत आहे आणि तो कोल्हापूर शहरात उभाही आहे. शहराचं सांडपाणी नदीकडे आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी अडवून, पंपांनी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेतात. त्या केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर, दुधाळीच्या केंद्राची १७ दशलक्ष. तिथे टाकीत यंत्राने हवा सोडतात आणि नदीत जिवाणू जे काम करतात, तेच त्यांच्याकडून टाकीत करून घेतात. प्राणवायूचा खर्च नदीऐवजी वीजबिलात पडतो. म्हणूनच वीज गेली, पंप थांबले, की नाला सांडव्यावरून थेट नदीत. केंद्र बांधणं महापालिकेचं, ते रोज नीट चालवणं कंत्राटदाराचं, वीज अखंड देणं वीज कंपनीचं, मळीच्या पाण्यापासून बायोगॅस आणि खत करणं कारखान्यांचं. आणि घराचं गटार ड्रेनेजलाइनला जोडणं तुमचं-माझं. यातली एक कडी निसटली तरी बाकीच्यांचं काम वाया जातं. गणेशोत्सवात मूर्तिदान करणारे, निर्माल्य वेगळं देणारे कोल्हापूरकर हा हिशेब आधीच सांभाळतात, कारण कुजणारी फुलंसुद्धा प्राणवायूच खातात.

सरकार आणि खासगी कंपनी एकत्र आली की काम झालं, हा समज या शहराने खोटा ठरवला आहे. खासगी कंपनीने टोलच्या बदल्यात बांधलेल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प आठवा. करार झाला, रस्ते झाले आणि लोकांना विचारायची वेळ आली ती टोलनाक्यावर. मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसं रस्त्यावर उतरली, सारं शहर मागे उभं राहिलं आणि अखेर टोल रद्द झाला. माझ्या मते त्या भांडणाचं मूळ पैशाइतकंच गुपचूपपणात होतं. करारातले आकडे लोकांसमोर सुरुवातीलाच आले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

आकडा सगळ्यांचा झाला की काय होतं, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं की प्रशासन, व्यापारी, तालमींची पोरं आपापल्या कामाला लागतात, कोणी कोणाच्या पत्राची वाट बघत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हे दिसलं. मग त्याच बंधाऱ्यावर उन्हाळ्यात प्राणवायूचा आकडा का लावू नये? इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. नदीकाठी पाण्याची तपासणी हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र हातात मावतं. शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते वापरावं, खर्च शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजकांनी उचलावा, महापालिकेने आकडा रोज जाहीर करावा. मोजायचं मात्र पहाटे, सूर्य उगवायच्या आत. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं आणि दुपारचा आकडा फसवा चांगला येतो. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू घेत असतं, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. एक मोजणी जयंती नाला मिळण्याच्या वर, एक खाली आणि एक तेरवाडला, म्हणजे कोणाच्या हद्दीत किती घसरला ते त्याच दिवशी कळेल.