धर्म आणि पवित्र : व्याख्येचा प्रश्न

धर्म कशाला म्हणायचे आणि एखादी गोष्ट पवित्र ठरते तेव्हा तिच्यात काय बदलते, हा मानवशास्त्र, समाजशास्त्र व धर्मांच्या तौलनिक अभ्यासातला जुना वाद आहे. जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच धर्माच्या ४८ व्याख्या जमवल्या होत्या. मराठीत गोंधळ आणखी वाढतो. शेजारधर्म, राजधर्म या शब्दांतला ‘धर्म’ कर्तव्याच्या जवळचा आहे, आणि ‘रिलिजन’लाही आपण तोच शब्द वापरतो. या नोंदीत दुसरा अर्थ घेतला आहे.

एडवर्ड टायलर या मानवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये अशरीरी जीवांवरचा विश्वास म्हणजे धर्म, अशी किमान व्याख्या केली. ती सुटसुटीत आहे. पण तिच्यात विधी आणि समुदाय मागे पडतात, शिवाय मुक्तीसाठी देवाची गरज न मानणारा बौद्ध धर्म तिच्यात नीट बसत नाही.

हा आक्षेप एमिल द्युरकेम या समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ठळकपणे मांडला. त्याच्या मते पवित्र म्हणजे वेगळे काढलेले, निषेधांनी राखलेले. आणि अशा गोष्टींविषयीच्या ज्या श्रद्धा व आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, त्यांची व्यवस्था म्हणजे धर्म. त्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचा चुरिंगा म्हणजे लाकडाचा किंवा घासलेल्या दगडाचा लांबट तुकडा. स्त्रियांनी आणि दीक्षा न झालेल्यांनी त्याला हात लावायचा नाही. बाकी लाकडांत आणि त्यात फरक एवढाच, की त्यावर गणचिन्ह, म्हणजे त्या कुळसमूहाची खूण (टोटेम), कोरलेले असते. म्हणजे पावित्र्य लाकडात नाही, समाजाने त्याभोवती घातलेल्या कुंपणात आहे. लॅटिन ‘साकेर’ हा शब्दही देवाला वाहिलेले आणि शापित अशा दोन्हींसाठी चालत असे. दोन्ही कुंपणाआडचेच!

द्युरकेम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही; त्याची भिस्त तिथल्या लोकांचा अभ्यास केलेल्या स्पेन्सर आणि गिलेन यांच्या वृत्तांतांवर होती. तिथे प्रत्यक्ष राहून काम केलेल्या डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर या मानवशास्त्रज्ञाला पवित्र आणि लौकिक अशी सरळ दुफळी मान्य नव्हती.

रूडॉल्फ ओटो या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये उलट टोक धरले. त्याच्या मते पवित्राचा गाभा अनुभवात आहे : ज्यापुढे थरकाप होतो आणि ज्याकडे ओढही वाटते असे गूढ. मिर्चा एलियाडे या धर्मांच्या इतिहासकाराने पुढे पवित्राच्या ‘प्रकट होण्यावर’ भर दिला. दगड पवित्र झाला तरी दगडच राहतो, पण श्रद्धावानाला त्यात वेगळेच काही दिसते. वर्णन म्हणून हे प्रभावी आहे. मात्र तो अनुभव ज्याला आला नाही त्याने पडताळायचे कसे, याला दोघांकडेही पटण्याजोगे उत्तर नाही.

पुढे संशय खुद्द संकल्पनेवरच आला. धर्मांचा अभ्यासक जोनाथन स्मिथने १९८२ मध्ये लिहिले, की ‘धर्म’ ही अभ्यासकाने आपल्या कामासाठी घडवलेली वर्गवारी आहे. मानवशास्त्रज्ञ तलाल असद यांनी १९९३ मध्ये दाखवले, की आतल्या श्रद्धेला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या व्याख्यांमागे युरोपातल्या ख्रिस्ती धर्माचा विशिष्ट इतिहास आहे.

अभ्यासकाला व्याख्या लांबणीवर टाकता येते, न्यायालयाला नाही. धार्मिक कारणावरून सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट मागणाऱ्या डॅनियल सीगरचा खटला १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ईश्वरावरील रूढ श्रद्धेचे आयुष्यात जे स्थान असते तेच स्थान असलेली प्रामाणिक श्रद्धाही चालेल, असे न्यायालयाने ठरवले आणि निकाल सीगरच्या बाजूने लागला. त्याने अर्ज भरताना ‘धार्मिक’ या शब्दाभोवती अवतरणचिन्हे घातली होती.