मागेल त्याला काम: हमी नेमकी कशाची बनते?

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे होतात २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ने या कराला घातलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. हा कर राज्यात १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी. शहरातल्या पगारातून थोडे पैसे घ्यायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि त्यातून गावात काम मागणाऱ्याला काम द्यायचं, अशी ती मांडणी होती. गेली पन्नास वर्षं आपण हा कर भरतो आहोत, पण त्यामागचा करार फार थोड्यांना ठाऊक असतो.

सरकारने नागरिकाला पोटापाण्याची हमी द्यावी का, हा वाद बहुतेक वेळा तत्त्वांवर घातला जातो. महाराष्ट्राकडे मात्र या प्रश्नाचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे, तेही अर्ध्या शतकाचं. हमी कुठे चालली, कुठे अडली आणि का, हे त्यातून बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. आमच्या मते उत्तर ‘द्यावी’ असंच आहे. पण हमी हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून आधी तिचे भाग सुटे करून पाहू.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर करून पाहिली गेली. मग १९७२चा दुष्काळ आला. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी फोडणं ही ती कामं. लोकांच्या हाती मजुरी होती म्हणून ते धान्य विकत घेऊ शकले, आणि एवढं पीक बुडूनही मोठा भूकबळींचा लोंढा टळला. त्या अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला.

कायदा आणि योजना यांतला फरक इथे कळतो. घटनेच्या कलम ४१मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. कलम ३७ सांगतं की ही तत्त्वं न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. योजना सरकारच्या मर्जीवर चालते: पैसे असले की सुरू, संपले की बंद. कायद्याने दिलेल्या हमीत मात्र मागणी करणारा नागरिक आधी येतो आणि पैशाची सोय करण्याचं ओझं सरकारवर पडतं.

हे ओझं सरकारवरच का टाकायचं? विमा कंपनी, सावकार, नातेवाईक आहेतच की. याचं कारण जोखमीच्या स्वरूपात आहे. घरातला एक माणूस आजारी पडला तर भाऊबंद मदत करतात, कारण त्यांची घरं त्या वेळी ठीक असतात. पाऊस हुकला की सगळ्या गावाचं पीक एकदमच जातं. मग उसनं देणाराच उरत नाही. सगळेच बैल विकायला काढतात, त्यामुळे बाजारात बैलाचा भाव पडतो. पुढच्या जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा नांगराला बैल नसतो आणि चांगल्या वर्षाचं पीकही अर्धवट येतं. एका वर्षाचा दुष्काळ घराला चार वर्षं पुरतो तो असा. ज्यांच्याकडे विकायला बैलही नाही ते मुकादमाकडून उचल घेतात आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात घालवतात.

अशा वेळी कामाची खात्री असेल तर बैल दावणीला राहतो, उचल टळते. शिवाय खात्रीचा फायदा दुष्काळ येण्याआधीच सुरू होतो. पडलो तर काहीतरी आधार आहे हे माहीत असलेला शेतकरी थोडं जोखमीचं पण जास्त उत्पन्न देणारं बियाणं पेरायला धजावतो. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि अकोल्यातल्या कांझरा या गावांची, आणि त्या काळी अशी हमी नसलेल्या आंध्र प्रदेशातल्या औरेपल्लीची, वर्षानुवर्षं नोंद ठेवली. भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नातले वर्षागणिक चढउतार रोहयो असलेल्या गावांत बरेच कमी होते. हमीची किंमत वाटलेल्या मजुरीच्या बेरजेत पूर्ण दिसत नाही. न विकलेले बैल कोणत्याच हिशेबवहीत येत नाहीत.

दुसरा अवघड भाग म्हणजे गरजू ओळखणं. गरिबांची यादी केली की दोन चुका अटळ असतात. नको ती नावं आत येतात, हवी ती बाहेर राहतात. पहिली चूक कमी करायला अटी कडक कराव्यात तर दुसरी वाढते. रोहयोने यादीच टाळली. उन्हात माती खणायला जो तयार आहे त्याला दुसरं बरं काम नाही, एवढं गृहीत धरायचं. स्वतःच्या निवडीने स्वतःची गरज सिद्ध होते. ही कल्पना फार मोलाची आहे, पण तिला दोन कडा आहेत. म्हातारी माणसं, अपंग, बाळंतीण यांना खणता येत नाही, म्हणून कामाच्या हमीशेजारी पेन्शन आणि रेशन उभं असावंच लागतं. आणि गरज पारखायची म्हणून काम मुद्दाम कष्टाचं ठेवणं हा निव्वळ छळ आहे. बिनकामाची खडी फोडून घेण्यात कुणाचंच भलं झालं नाही. याउलट १९९०पासून रोहयोतून खासगी शेतात फळबागा लावायला सुरुवात झाली, तेव्हा त्याच मजुरीतून वर्षानुवर्षं उत्पन्न देणारी झाडं उभी राहिली.

आता कामाच्या जागेवर जाऊ. उतारावर पाणी अडवायला खणतात त्या सलग समतल चराचा नेहमीचा छेद ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. दहा मीटर लांब चर म्हणजे १.८ घनमीटर माती. बहुतेक कामांवर मजुरी हजेरीवर नसून मोजमापावर असते, म्हणजे सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाने दिवसभर नीट काम केलं तर ठरलेला पूर्ण रोज पडावा, अशा बेताने दर बांधलेले असतात. अभियंता मोजायला येईपर्यंत चराच्या कडा ढासळल्या, तळाशी माती साचली आणि खोली २५ सेंटिमीटर भरली, तर माप १.५ घनमीटर होतं. घाम तेवढाच गाळला, मजुरी मात्र सहाव्या हिश्शाने कमी. मोठ्या खड्ड्यात म्हणूनच मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा खुंट न खणता ठेवतात, म्हणजे किती खोल गेलं ते नंतरही मोजता येतं. तो खुंट मोजणीआधी पाडला की पुरावा गेला. मातीच्या वर्गवारीवरही बरंच अवलंबून असतं. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक यांचे दर वेगळे, माती वाहून नेण्याच्या अंतराचा म्हणजे लीडचा आणि वर चढवण्याच्या उंचीचा म्हणजे लिफ्टचा दर वेगळा. कामाची मागणी सर्वांत जास्त असते एप्रिल-मेमध्ये, आणि जमीन सर्वांत कडक असते तीही तेव्हाच. अंदाजपत्रकात ‘मऊ माती’ लिहिली असेल तर पहार मारून थकलेल्या बाईच्या हाती निम्मा रोजही पडत नाही. भ्रष्टाचार न होताही मजूर असा नाडला जातो.

२००५च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे मनरेगाने, हमीचं घड्याळ कागदावर अगदी स्पष्ट लावलं. जॉब कार्ड काढायचं. किमान १४ सलग दिवसांच्या कामाची मागणी नमुना ४मध्ये ग्रामपंचायतीकडे द्यायची. तारीख घातलेली पोच घ्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत पाच किलोमीटरच्या आत काम मिळायला हवं, लांब असेल तर १० टक्के जादा मजुरी. काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने हिशेब केला तर रोजचे ७८ आणि नंतर १५६ रुपये. केंद्राची हमी घरटी वर्षाला १०० दिवसांची होती, तर महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

हे सगळं यंत्र एका कागदाच्या चिटोऱ्यावर फिरतं, तो म्हणजे पोचपावती. मजुरीचा पैसा केंद्राचा, पण बेकारी भत्ता राज्याने द्यायचा होता. हेतू चांगला होता: उशीर झाला तर राज्याच्या खिशाला चाट बसावी, म्हणजे राज्य काम लवकर काढेल. प्रत्यक्षात काम काढण्यापेक्षा पोच न देणं सोपं ठरलं. मजूर तोंडी काम मागतो, ग्रामपंचायतीत या नोंदी ठेवणारा ग्रामरोजगार सेवक म्हणतो ‘काम निघालं की सांगतो’, आणि मागणीची नोंद काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी होते. कागदोपत्री प्रत्येकाला १५ दिवसांत काम मिळालेलं दिसतं. घड्याळ सुरूच झालेलं नसतं, तर उशीर कुठून दिसणार? कामं शेल्फवर नसणं हे दुसरं कारण. उन्हाळ्यात मागणी येणार हे दरवर्षी ठाऊक असतं, पण तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता हिवाळ्यातच घेऊन ठेवल्या नाहीत तर मार्चमध्ये माणसं तयार असतात आणि काम कागदावरही नसतं.

पैशाच्या बाजूचा सर्वांत बोलका धडा १९८८चा. राज्यातलं किमान वेतन दुपटीने वाढलं आणि रोहयोची मजुरीही त्याबरोबर वाढली. वाढ न्याय्यच होती, पण तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही. मार्टिन राव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी त्यानंतरचे महिनावार आकडे तपासले, तेव्हा काम मागणाऱ्यांना काम नाकारलं जात असल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. दर वाढला आणि दारं किलकिली झाली. कायद्याचा शब्द तोच राहिला, पण हमी आतून पातळ झाली.

मजुरी मिळण्यातही अशीच फट आहे. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत, नाहीतर न मिळालेल्या मजुरीवर रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर महिनाभराच्या उशिराची भरपाई होते २८ रुपये. एवढ्या रकमेने कुठलीही यंत्रणा हलत नाही. त्यातही भरपाईचा हिशेब बरीच वर्षं फक्त निधी हस्तांतरण आदेश निघेपर्यंतच्या उशिराचा होत असे. आदेश निघाल्यावर केंद्राकडून पैसे यायला लागलेले आठवडे मोजलेच जात नसत. आधारशी न जुळलेलं नाव किंवा बंद पडलेलं खातं यामुळे परत गेलेली रक्कम हा आणखी वेगळा ताप. दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी लावायची सक्ती बोगस नावं रोखायला आली, पण डोंगरात रेंज नसेल तर खऱ्या मजुराचा दिवसही बुडतो. ठेच लागते ती नेहमी दुर्बळालाच.

शेतकऱ्यांची तक्रार असते की रोहयोमुळे मजूर मिळत नाहीत. मजुरीवर परिणाम होतो हे खरं आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी आंध्र प्रदेशात मोठ्या प्रमाणावर यादृच्छिक, म्हणजे सोडतीने भाग निवडून, प्रयोग केला. काही मंडलांत (तालुक्यासारख्या प्रशासकीय विभागांत) स्मार्टकार्डने मजुरी वेळेवर आणि गळतीविना दिली, इतरत्र जुनीच पद्धत ठेवली. सुधारलेल्या मंडलांत गरीब कुटुंबांचं उत्पन्न वाढलं आणि त्या वाढीतला बहुतांश भाग योजनेबाहेरच्या, खासगी मजुरीतून आला. म्हणजे विश्वासार्ह हमी असली की जो योजनेवर एकही दिवस जात नाही, त्यालाही ‘एवढ्या कमी रोजावर येणार नाही’ असं म्हणता येतं. अल्पभूधारक शेतकऱ्याला हे जड जातं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा उपाय शेतमालाच्या भावात शोधायला हवा, मजुराच्या नाइलाजात नव्हे.

आपोआप ताणली जाणारी तरतूद किती कामाची असते ते २०२०-२१मध्ये दिसलं. टाळेबंदीत गावी परतलेल्यांनी काम मागितलं आणि देशभरात मनरेगावर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आणि केंद्राची रक्कम राज्यागणिक आधीच ठरवलेली असणार. दिवसांचा आकडा मोठा दिसतो, परंतु १९८८ आठवून पाहिलं तर आधी बघायची ती तिजोरीची बाजू. मागणी वाढल्यावर जी रक्कम वाढत नाही तिच्यावर उभी राहिलेली हमी दुष्काळी वर्षातच कमी पडते.

दुरुस्ती पोचपावतीपासूनच सुरू करता येईल. मागणीची नोंद ग्रामरोजगार सेवकाच्या हाती न ठेवता मजुराने फोनवरून करावी, तिथल्या तिथे तारीख आणि क्रमांक त्याच्या मोबाइलवर यावा, स्मार्टफोन नसलेल्यांसाठी साध्या मिस्ड कॉलची सोय असावी. सोळाव्या दिवशी काम सुरू झालेलं नसेल तर भत्त्यासाठी वेगळा अर्ज लागू नये. रोजचे ७८ रुपये खात्यावर आपसूक जमा व्हावेत आणि त्या खर्चाची गाववार यादी दर महिन्याला तहसील कार्यालयाच्या भिंतीवर लागावी.