पाव मिलिमीटरची थरथर

“मामा, पासष्टला गाडी थरथरायला लागते आणि ऐंशीच्या पुढे पुन्हा गप्प होते.”

भाचा अमेरिकेत, मिशिगनमध्ये राहतो. पासष्ट म्हणजे ताशी ६५ मैल, आपले साधारण १०५ किलोमीटर. गाडी टोयोटा जीआर ८६. दोन दारांची, मागच्या चाकांना ताकद देणारी, सुमारे १,२८० किलोची जपानी स्पोर्ट्‌स कार. नाव टोयोटाचं असलं तरी ती बनते सुबारूच्या गुन्मामधल्या कारखान्यात, आणि सुबारूची बीआरझेड ही तिची जुळी बहीण. हे जुळेपण पुढे कामाला येणार आहे.

गाडी दारात येऊन तीन महिने झाले नव्हते, तोवर पठ्ठ्याने कंपनीची चाकं उतरवून रुंद मॅगव्हील्स चढवली. स्प्रिंगा आणि शॉकअप काढून उंची खालीवर करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेले संच, टाकले आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. फोटोत झकास दिसत होती. मग तक्रारी सुरू झाल्या. थरथर, वळताना घासल्याचा आवाज, खड्ड्यात दणका, स्टिअरिंग ओढणं, आणि चार हजार मैलांत पुढच्या टायरांची आतली कड साफ.

ऐकायला या पाच वेगळ्या कुरबुरी. माझी उभी नोकरी चाकं आणि सस्पेन्शनमध्ये गेली, त्यामुळे मला त्या एकाच घरातल्या वाटल्या. कुठलं तरी माप थोडं सरकलं होतं आणि त्याच्या भरवशावर बसलेली बाकीची मापं जागच्या जागीच राहिली होती.

थरथरीकडे आधी बघू, कारण तिचा हिशोब सगळ्यात सुंदर आहे.

चाक गाडीला पाच नटांनी धरलेलं असतं, पण कंपनीचं चाक नटांच्या भरवशावर मध्यावर बसत नाही. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो फिरणारा भाग. त्याचा मधला गोल उंचवटा आणि चाकाचं मधलं भोक यांचं माप तंतोतंत जुळवलेलं असतं. या गाडीत तो उंचवटा ५६.१ मिलिमीटरचा आहे. बाहेरची चाकं बनवणारे मात्र एकच चाक वीस प्रकारच्या गाड्यांना विकतात, म्हणून भोक मोठंच ठेवतात. भाच्याच्या चाकांचं होतं ७३.१. मधली फट भरायला प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग मिळते. खोक्यात त्या रिंगा होत्या, पण दुकानातल्या पोराने त्या बसवल्याच नाहीत.

रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम नटांच्या शंकूसारख्या तोंडांवर येतं. चाक हवेत असताना, समोरासमोरचे नट आलटून पालटून हाताने आवळले तर तेही जमतं. पण गाडी जमिनीवर, हातात नट आवळायची हवेची गन आणि पहिला नट एका दमात घट्ट, असं झालं की चाक जिथे असेल तिथेच जखडतं.

आता आकडे बघा. टायरसकट चाक वीस किलोचं धरू. ते मध्यापासून फक्त पाव मिलिमीटर सरकलं, तर परिणाम रिमच्या कडेला साधारण वीस ग्रॅमचं वजन चिकटवल्याइतका होतो. वीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ताशी १०५ किलोमीटरला हे चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं आणि बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. त्या वेगाला हे वीस ग्रॅम पावणेचार किलोच्या ओढीने हबला खेचतात, सेकंदाला चौदा वेळा, प्रत्येक क्षणी वेगळ्या दिशेने.

आणि नेमकं चौदाच का? टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये अडकलेल्या चाकाची स्वतःची डोलायची लय असते, आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपास पडते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसंच इथे होतं. पासष्टला फिरण्याची लय आणि डोलण्याची लय जुळते. ऐंशीला फिरणं पुढे निघून जातं, चाकाला साथ देता येत नाही आणि स्टिअरिंग गप्प बसतं. म्हणून आपल्याकडचे मेकॅनिक वॉबलिंग, म्हणजे ही थरथर, म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारतात, “किती स्पीडला?”

भाच्याने तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. प्रत्येक वेळी मशीनने शून्य दाखवलं, आणि ते खोटं नव्हतं. मशीनवर चाक शंकूने मधल्या भोकात अगदी मध्यावर धरलं जातं. चूक चाकात नव्हतीच, चाक आणि हब यांच्यातल्या फटीत होती. चार रिंगा बसवल्या आणि थरथर गेली.

नटांवरून आठवलं. त्याने नवे नट मागवताना ‘टोयोटासाठी’ असं बघून मागवले होते. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांच्या १२ मिलिमीटरच्या स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे, आटे १.५ मिलिमीटर अंतराचे असतात. ही गाडी मात्र सुबारूच्या घरची, तिचे आटे १.२५ चे. नट दोन वेढे गेला आणि अडला, तेव्हा त्याने जोर लावला नाही हे नशीब. गन लावली असती तर स्टडच्या आट्यांचा भुगा झाला असता.

आता घासण्याचं. चाकाच्या बाजारात ‘ऑफसेट’ नावाचा एक आकडा असतो आणि आपल्याकडे तो कुणी विचारत नाही. चाकाच्या रुंदीच्या मधोमध रेषा मारली, तर हबवर टेकणारा पत्रा त्या रेषेपासून किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. कंपनीचं चाक साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४८. भाच्याचं साडेनऊ इंच, ऑफसेट ३८. रुंदी दोन इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर. ऑफसेट दहाने घटला, म्हणजे अख्खं चाक दहा मिलिमीटर बाहेर. बेरीज-वजाबाकी केली की बाहेरची कड ३५ मिलिमीटर मडगार्डकडे गेली आणि आतली १५ मिलिमीटर सस्पेन्शनकडे. त्यात टायर निवडला २४५/४०. मूळचा २१५/४०. दोन्हीकडे ४० दिसलं म्हणून उंची तीच राहील असं त्याला वाटलं. पण पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि तो ४० म्हणजे टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. रुंदी वाढली की उंचीही वाढते. टायरचा व्यास ६२९ वरून ६५३ मिलिमीटर झाला, जवळजवळ चार टक्के जास्त. घासला नसता तरच नवल. शिवाय मीटरला एक फेरी जास्त अंतराची झाली हे कोण सांगणार? मीटर मूळच्या चाकाच्या हिशोबाने दाखवणार, आणि गाडी त्याहून चार टक्के जास्त पळणार. त्याच अठरा इंची रिमवर २५५/३५ घातला असता तर फरक एक टक्क्याचा राहिला असता.

दहा मिलिमीटर बाहेर सरकण्याचा दुसरा परिणाम हातांना जाणवतो. स्टिअरिंग फिरवताना पुढचं चाक एका तिरक्या, न दिसणाऱ्या अक्षाभोवती वळतं. तो अक्ष जमिनीला जिथे टेकेल, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरं चिखलात असताना ब्रेक दाबला, तर हेच अंतर तरफेच्या दांड्यासारखं काम करतं आणि स्टिअरिंगला हिसका देतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला नेलं होतं, म्हणजे असा ब्रेक लागला तर चाकं आपोआप गाडी सरळ ठेवायच्या दिशेला वळू पाहतात. अशा बारकाव्यांवर कारखान्यात महिनोन्‌महिने जातात, आणि ऑफसेट बदलून आपण ते एका दुपारी पुसून टाकतो. चाक बाहेर गेल्याने व्हील बेअरिंगवरचा भारही तिरका होतो, पण ते दुखणं सावकाश बाहेर येतं.

मात्र खरी गंमत गाडी खाली आणण्यात आहे. खाली आणली की कमी कलणार आणि वळणावर चिकटून राहणार, अशी सार्वत्रिक समजूत आहे. या गाडीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना मांडली. एक उभा शॉकअप, त्याभोवती स्प्रिंग आणि खाली एक आडवी दांडी. स्वस्त, आटोपशीर, आज निम्म्याहून अधिक छोट्या गाड्यांत दिसते. पण तिची एक खोड आहे.

वळणावर गाडीचा पुढचा भाग एका काल्पनिक बिंदूभोवती कलतो. त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि तो कुठे पडेल हे त्या खालच्या दांडीच्या कोनावर ठरतं. गाडी खाली आणली की दांडीचं आतलं टोक बॉडीबरोबर खाली जातं आणि चाकाकडचं टोक तिथेच राहतं. दांडीचा उतार पालटतो आणि रोल सेंटर झपाट्याने घसरतं, बहुधा गाडी जितकी खाली आली त्याहूनही जास्त. गाडी कलवणारं बल ज्या तरफेवर काम करतं, तिची लांबी म्हणजे गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांच्यातलं अंतर. गुरुत्वमध्य ३५ मिलिमीटर खाली आला, पण तो बिंदू त्याहून खाली गेला, म्हणजे तरफ लांबली. गाडी बुटकी झाली आणि तिची कलण्याची ओढ वाढली! मग ती दाबायला स्प्रिंगा आणखी कडक कराव्या लागतात. कॉइलओव्हर विकणारे कडक स्प्रिंगा देतात त्यामागे हेही एक कारण आहे, पण खोक्यावर ते छापलेलं नसतं.

दांडीबरोबर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीचा, कोनही बदलतो. दोघांचे कंस आता एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून चाक खड्ड्यात वरखाली झालं की स्टिअरिंग न हलवताही जरासं वळतं. ओढण्याची तक्रार काही अंशी इथली, काही अंशी रुंद टायर ट्रकांनी पाडलेल्या खोबणीत शिरण्याची.

टायरची आतली कडही इथूनच गेली. सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या वरून आत झुकण्याला, दोष देतात. कॅम्बर कड निवडतो, पण झिजवतो तो टो, म्हणजे वरून पाहिलं असता चाकाची बोटं आत की बाहेर. चाक फक्त एक अंश फाकलेलं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते सतरा मीटर आडवं फरफटतं. उंची बदलली की टो बदलतोच. “अलाइनमेंट केलंस का?” मी विचारलं. “गाडी सरळ जाते की मामा.” दोन्ही चाकं सारखीच फाकली असली तर जाणारच सरळ!

दणक्याबद्दल थोडं पदार्थविज्ञान. स्प्रिंग दुप्पट कडक केली की गाडीची डोलण्याची लय दुप्पट होत नाही, १.४ पट होते, कारण तिथे वर्गमूळ आहे. समजा सेकंदाला दीड वेळा डोलणारी गाडी आता २.१ वेळा डोलते. फरक किरकोळ वाटतो. पण अमेरिकेतल्या काँक्रीटच्या हायवेवर साधारण दर साडेचार मीटरला सांधा असतो. ताशी १०५ किलोमीटरला सेकंदाला सहाहून जास्त सांधे चाकाखालून जातात. बसलेल्या माणसाच्या पोटाला आणि मणक्याला उभे हादरे सगळ्यात जास्त जाणवतात ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. शॉकअपचा वाटा बाजूला ठेवला तरी कडक स्प्रिंग त्या लयीचा हादरा जवळजवळ दुप्पट आत सोडते. मॉरिस ऑली रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये जनरल मोटर्सकडे गेला. पुढची बाजू सावकाश आणि मागची किंचित भराभर डोलली, तर खड्ड्यानंतर गाडी पुढे-मागे हिंदकळत नाही, हे त्याने त्याच दशकात मांडलं. भाच्याच्या नव्या संचात पुढच्या-मागच्या स्प्रिंगा सारख्याच कडक होत्या.

आपल्याकडे काही गॅरेजात स्प्रिंगचा एक वेढा कापून गाडी खाली आणतात. सहा वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, आणि दबायला जागा मात्र कमी उरते. शेवटी शॉकअपच्या टोकाचा रबरी बंपस्टॉप आपटतो. तोच तो दणका.

या पाचांखेरीज एक कुरकुरण्याचा आवाज उरला होता, त्याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. सस्पेन्शनच्या दांड्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, म्हणून ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. तेव्हा बोल्ट ढिले करायचे, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची आणि मग आवळायचे. फुकटचं काम आहे, तरीही टाळलं जातं.

असल्या बदलांना जर्मनीत तपासणी संस्थेचा कागद लागतो. जपानमध्ये नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ तपासणीला जाते, आणि गाडीचं पोट जमिनीपासून नऊ सेंटिमीटरच्या खाली असेल तर नापास. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ मापांत फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची नियमित तपासणीच नाही, त्यामुळे भाच्याला अडवणारं कुणी नव्हतं.

शेवटी त्याने गाडी वीस मिलिमीटर वर घेतली, बुश ढिले करून पुन्हा आवळले, अलाइनमेंट केलं आणि टायर २५५/३५ घेतले. रुंद चाकं ठेवलीच. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागलं, तेव्हा हिवाळी टायर चढवलेली कंपनीची अरुंद चाकं तळघरातून बाहेर आली. त्या रात्री फोन आला, “मामा, गाडी एकदम चपळ झालीय.” फिरणाऱ्या रिमवरचा प्रत्येक किलो गाडीला पळवताना दीड किलोसारखा वागतो आणि टायरच्या पट्ट्यावरचा जवळजवळ दोन किलोसारखा, हे त्याला तेव्हा सांगितलं. रुंद चाकं वजन करून बघ म्हटलं. बाथरूममधल्या काट्यावर उभी करून केलं. मूळच्यापेक्षा प्रत्येकी साडेतीन किलो जड निघाली.