घोडबंदर रोडची रेंज आणि एक वजाचं चिन्ह

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, फोन खिडकीच्या एका कोपऱ्यात ठेवला की रेंज फुल आणि जरा सरकवला की आवाज तुटक. नेटवर्कच बेकार असं आपण म्हणून टाकतो, पण टॉवर बऱ्याचदा समोरच्याच गच्चीवर असतो. होतं काय, की त्याचा सिग्नल थेट येतो तसाच आजूबाजूच्या उंच बिल्डिंगांवर आपटूनही येतो, प्रत्येक लहरीने वेगळं अंतर कापलेलं असतं, मग कुठे त्या एकमेकींना जोर देतात आणि कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. यालाच फेडिंग म्हणतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १६.७ सेंटीमीटर, म्हणजे फोन अर्धी वीतही हलला नाही तरी चित्र पालटू शकतं.

उपाय म्हणजे दोन अँटेना, म्हणजे सिग्नलला दोन वाटा. एक वाट खराब असण्याची शक्यता १०० त १ असेल आणि दोन्ही वाटा एकमेकींवर अवलंबून नसतील, तर दोन्ही एकदम खराब असण्याची शक्यता १०,००० त १. पण त्या काळी छोट्याशा फोनमधे दुसरा अँटेना बसवणं अवघड आणि खर्चिक होतं, टॉवरवर मात्र जागाच जागा. मग टॉवरच्या दोन अँटेनांवरून एकच सिग्नल सोडायचा का? तर नाही, ते दोन्ही हवेत मिसळणार आणि परत तेच फेडिंग.

यावरचं उत्तर इंजिनिअर सियावश अलामूटी यांनी १९९८ साली दिलं आणि ते इतकं सोपं आहे की शाळेतल्या गणितात बसतं. समजा दोन आकडे पाठवायचेत, क आणि ख. पहिल्या क्षणी पहिला अँटेना क पाठवतो, दुसरा ख. पुढच्या क्षणी पहिला पाठवतो वजा ख आणि दुसरा क. आता पहिल्या वाटेचा जोर ३ आणि दुसरीचा १ धरा. फोनला आधी ३क + ख मिळतं, नंतर क − ३ख. पहिल्याला ३ ने गुणून त्यात दुसरं मिळवा, ख पूर्ण उडून जातो आणि उरतं १०क. पहिल्यातून दुसऱ्याची तिप्पट वजा करा, उरतं १०ख. हा १० म्हणजे ३ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, त्यामुळे एक वाट शून्य झाली तरी दुसरी दोन्ही आकडे पोचवते. प्रत्यक्षात हे आकडे कॉम्प्लेक्स, म्हणजे दोन भागांचे, असतात आणि वाटांचा जोर ओळखायला टॉवर मधेमधे ठरलेले सिग्नल पाठवतो, पण कामाची गोष्ट आहे ते वजाचं चिन्ह, त्याच्याशिवाय दोन्ही वाटांचा जोर सारखा झाला की काही सुटत नाही. दोन क्षणांत दोन आकडे गेले, म्हणजे वेगही कमी झाला नाही! फक्त पॉवर दोन अँटेनांत वाटली जाते, त्यामुळे फोनवरच दोन अँटेना असण्याच्या तुलनेत ३ डेसिबलचा, म्हणजे निम्म्या पॉवरचा, फटका बसतो. मला तर हा सौदा फारच स्वस्त वाटतो.

जास्त अँटेना लावून वेगच वाढवायचा, हा वेगळा मार्ग. त्याचं सुरुवातीचं एक अमेरिकन पेटंट १९९४ चं, आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांच्या नावावर आहे. पॉलराज आपल्या नौदलातले, आणि कैलाथ पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले.

अलामूटींची युक्ती पुढे तीन-चार अँटेनांवर ताणायचा प्रयत्न झाला तेव्हा गणिताने हात आखडता घेतला. कॉम्प्लेक्स आकडे, पूर्ण वेग आणि इतकी साधी सोडवणूक हे तिन्ही एकत्र फक्त दोन अँटेनांनाच जमतं, चारला वेग पाऊणवर येतो. म्हणून ४जी मधे टॉवरला चार अँटेना असले की त्यांच्या दोन जोड्या करतात, आणि प्रत्येक जोडी आपापल्या फ्रिक्वेन्सीवर अलामूटींचाच कोड चालवते, फक्त लागोपाठच्या दोन क्षणांऐवजी शेजारशेजारच्या दोन फ्रिक्वेन्सी वापरून.